मुराळ्याची बरसाती

मी एक जुनी बरसाती आहे.

थांबा. हे अर्धंच खरं आहे. गळ्यात घातली की मी बरसाती. कडेच्या पितळी रिंगांतून दोरी ओवून ताणली की मी तंबू. जमिनीवर पसरली की सतरंजी. तेव्हा पुन्हा सुरुवात करते.

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. फक्त एका रात्रीचा.

नको. त्या रात्रीवर मी फार लवकर आले. आधी जन्म सांगायला हवा.

कानपूरकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जाड सुती कापडावर रबराचा थर चढवला, शेवाळी रंग दिला, मध्ये डोकं घालायला भोक ठेवलं आणि भोकावर टोपी शिवली. मला सैन्यात पाठवलं. तिथे एका जवानाच्या पाठीवर बसून मी डोंगर चढले. पाऊस झेलला, बर्फ झेलला. तो जवान मला रोज सकाळी झटकायचा, उलटी करून वाळवायचा, कुठे तडा गेलाय का ते बोटाने चाचपायचा. तो फारसा बोलत नसे, पण माझी घडी घालताना त्याचे हात घाई करत नसत. माझी तेवढी निगा पुन्हा कुणी राखली नाही.

मग नव्या बरसात्या आल्या. माझ्यावर 'बाद' असा शिक्का बसला. ट्रक, गोदाम, लिलाव, पुन्हा ट्रक. आणि एके दिवशी मी सुरतेत, तापीकाठी किल्ल्याजवळ भरणाऱ्या जुन्या बाजारात, फाटक्या बुटांच्या आणि गंजलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी पडले होते.

तिथे मला गजेंद्रने उचललं.

गजेंद्र वीस-एकवीस वर्षांचा होता. घरचे खानदेशातले, शिंदखेड्याकडचे. राहायला उधन्यात एका खोलीत. वडील लोटू पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या कारखान्यात होते, गजेंद्र लूमवर. दिवसभर धोट्यांच्या खडखडाटात उभं राहून त्याला मोठ्याने बोलायची सवय लागली होती.

"अस्सल आहे का?" त्याने दुकानदाराला अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं.

"मिलिटरीनो माल छे, भाई," दुकानदार म्हणाला. "वरसाद थाकशे, आ नहीं थाके." म्हणजे पाऊस थकेल, ही थकणार नाही.

गजेंद्रने मला तिथेच अंगावर चढवलं. वैशाख तोंडावर होता, ऊन मी म्हणत होतं. त्याचा मित्र रघुनाथ पोट धरून हसला. "गजा, तू त्या लोणच्याच्या बरणीसारखा दिसतोस! तोंडाला फडकं बांधू का?"

"हस तू," गजेंद्र म्हणाला. "हिचा तंबू होतो. समुद्रावर जाऊन झोपायचं एक रात्र. वर आभाळ, खाली वाळू. या खडखडाटातून एक रात्र तरी सुटू."

ऐकून मी फुलले. मला वाटलं, पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडणार. मित्रांनो, हे वाटणं वाईट नव्हतं. तरीही ते आठवलं की माझ्या रिंगा गार पडतात.

*

आता मुराळी म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस खातात. पण मुलगी आपली आपण उठून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो. तो मुराळी. तो नवी साडी घेऊन जातो, सासरी त्याला गोडाचं जेवण वाढतात आणि मग तो बहिणीला घेऊन निघतो. आणि लग्नानंतरची पहिली आखाजी एकदाच येते.

शहाण्णव साली गजेंद्रच्या धाकट्या बहिणीची, योगिताची, पहिली आखाजी होती.

योगिता हजिऱ्याकडे, मोरा गावात दिली होती. तिचा नवरा तिकडच्या एका प्लँटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता. ठरलं असं : सणाच्या दोन दिवस आधी, पाळी सुटली की, गजेंद्रने सायकलने मोऱ्याला जायचं. रात्री तिथेच जेवायचं, झोपायचं. पहाटेच्या पहिल्या बसने योगिताला घेऊन उधना स्टेशन गाठायचं. आईवडील सामान घेऊन तिथे थांबणार आणि सगळे भुसावळकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीने गावी जाणार.

निघताना त्याची आई प्रमिलाबाई साडीची पिशवी त्याच्या हँडलला अडकवत म्हणाली, "भाऊ, सीधा जा. मधी कुठे थांबू नको. पोर वाट पाहत असंल."

"हो गं माय."

"आणि हे काय हिरवं गाठोडं?"

"पाऊस आला तर."

"वैशाखात?"

गजेंद्र सायकलवर टांग टाकून निघालासुद्धा. रघुनाथ गल्लीच्या तोंडाशी त्याची वाट पाहत होता.

*

(पुढचा थोडा भाग मी पाहिलेला नाही. मी कॅरिअरवर गुंडाळलेली होते. मला फक्त ऐकू आलं, तेवढंच देते.)

सायकलच्या साखळीची किरकिर. पुलावरचा वारा. ट्रकचे हॉर्न. एका टपरीवर चहाचे ग्लास ठेवल्याचा आवाज.

"इथून सरळ मोरा," रघुनाथचा आवाज. "आणि उजवीकडे सुवालीचा समुद्र."

मग चहाचे दोन-तीन भुरके.

"पहाटे तर निघायचंय," गजेंद्रचा आवाज. नेहमीसारखा मोठा नव्हता. "रात्री जाऊन तिथे काय करू? सासरच्यांत अंग चोरून झोपायचं. त्यापेक्षा उजाडता पोचू."

"ती जेवायला थांबली असंल."

"माझ्यासाठी कोण थांबतं?"

आणि सायकलचं चाक उजवीकडे वळलं.

*

मला उलगडलं तेव्हा अंधार पडून गेला होता. अवस नुकतीच झाली होती, चंद्राचा पत्ता नव्हता. दूर हजिऱ्याच्या चिमणीवर ज्योत जळत होती, तेवढाच काय तो उजेड.

समुद्र लांब, फार लांब गेला होता. त्याची नुसती गाज येत होती. समोर सपाट, घट्ट, पायाखाली न खचणारी वाळू पसरली होती.

"वा! अंगणासारखी जागा आहे," गजेंद्र म्हणाला. "वर ती झुडपं, काटे. इथेच ठोकू."

मित्रांनो, ही माणसं नदीच्या मुलखातली. नदीला पूर येतो तो पावसात येतो. कोरड्या वैशाखात कोरडी वाळू म्हणजे कोरडीच राहणार, असं त्यांनी धरलं. समुद्र दिवसातून दोनदा घरी परततो आणि अवसेच्या आसपास जरा जास्तच आत येतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? मी डोंगरातली.

दोन सायकली स्टँडवर उभ्या केल्या. दोन्हींच्या हँडलना दोरी ताणली, मला त्यावर टाकलं आणि कडेच्या रिंगांतून खुंट्या ठोकल्या. साडीची पिशवी हँडलवरून काढून उशाला घेतली. मी एका माणसापुरती होते, त्यामुळे दोघांचे चारही पाय बाहेर राहिले.

"तुझे पाय की बैलाचे?" रघुनाथ म्हणाला. "आवर, माझ्यावर रेतीचा पाऊस पडतोय."

"बाहेर जाऊन झोप मग."

"मी बाहेरच आहे. फक्त नाक आत आहे."

हसले. भाकरी आणि ठेचा खाल्ला. गजेंद्र पडल्या पडल्या माझ्या भोकातून आभाळ पाहत राहिला. त्या गोल तुकड्यात पाच-सहा तारे होते. "योगीला दाखवायला पाहिजे होतं हे," तो हळू बोलला. त्याचा श्वास बदलला. पण तो झोपला नव्हता.

वारा सुटला तो सगळा मी पाठीवर घेतला. आत एक झुळूकही जाऊ दिली नाही. शेवटी तो गाढ झोपला. इतका गाढ की पहिली लाट पावलांना लागली तरी त्याने पाय नुसते वर ओढून घेतले.

मी माझं काम चोख केलं. तेच वाईट झालं.

*

"गजा! ऊठ! पाणी उनं! पाणी!"

रघुनाथ ओरडत होता. पहाटेची वेळ. पाणी घोट्याला, मग एकदम गुडघ्याला. एक सायकल कलंडली, तिच्याबरोबर मी कोसळले आणि गजेंद्र माझ्यात गुरफटला. तो माझ्यातून डोकं काढायला धडपडत होता, पण त्याला भोक सापडेना. जवानाचं डोकं ज्यातून रोज सहज बाहेर येत असे, तेच भोक.

सुटला. सायकल ओढली. मला ओढलं. आणि तेव्हा त्याला पिशवी आठवली.

पिशवी पाण्यावर तरंगत किनाऱ्यापासून दूर चालली होती. गजेंद्र छातीभर पाण्यात गेला आणि ती घेऊन आला.

झुडपांपाशी बसून त्याने साडी बाहेर काढली. पिवळी, जांभळ्या काठाची. वडिलांनी कारखान्यात ओळखीने, मन लावून निवडलेली. खारं पाणी ठिबकत होतं. जांभळा काठ पिवळ्यात उतरला होता.

"समुद्राला पण आखाजीची साडी हवी होती वाटतं," रघुनाथ म्हणाला. गजेंद्र हसला नाही, तेव्हा त्याचंही हसू गेलं. "चल, गजा. उजाडतंय. निघू. पहिली बस मिळेल."

"अशी घेऊन जाऊ?"

"ओली आहे म्हणून सांग."

"पहिल्या आखाजीचा मुराळी चिंधी घेऊन आला म्हणतील. तिच्या सासूसमोर, आजूबाजूच्या बायांसमोर. योगीला कसं वाटंल?"

"बस चुकली तर कसं वाटंल?"

"ऊन आलं की लगेच सुकंल. थोडं थांबू."

त्याने मला झुडपांवर पसरलं आणि माझ्यावर साडी पसरली. सूर्य वर आला. गजेंद्र दर थोड्या वेळाने पदराला हात लावून पाही. मी खालून ओली, त्यामुळे साडी लवकर वाळेना. मला कळत होतं. मला सरकता आलं असतं तर मी सरकले असते.

पहिली बस गेली असेल. मग दुसरी. गजेंद्र साडी उलटत राहिला.

साडी वाळली तेव्हा तिच्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, आणि उधना स्टेशनवरून गाडी केव्हाच सुटली होती.

*

या वेळी माझी टोपी गुंडाळीबाहेर लोंबत होती, म्हणून मला दिसलं. मोऱ्याच्या त्या खोलीच्या उंबऱ्यावर योगिता बसली होती. शेजारी बांधलेली पिशवी. केसांना तेल, हाताला मेंदी. ती कालपासूनच तयार होती.

आतून तिची सासू इंदुबाई बाहेर आली. "या, मुराळीबुवा! काल रात्री शिरा केला होता तुमच्यासाठी. ही पोरगी बिनजेवता बसली, भाऊ येईल म्हणून. मी म्हटलं, जेव बाई, तुझा भाऊ काही समुद्रात बुडाला नाही. कुठे होतात?"

"पंक्चर," गजेंद्र म्हणाला.

"दोन्ही सायकली?"

रघुनाथने मान खाली घातली.

"गाडी गेली असेल," इंदुबाई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "रात्रीच्या गाडीने पाठवावी, तर अर्ध्या रात्री स्टेशनवर उतरून तुम्ही पुढे कशाने जाणार? उद्या सकाळी निघालात, तर सणाचा दिवस गाडीतच जाईल. नवी सून अशी कशी पाठवू? तूच सांग, गजेंद्र."

इंदुबाई चहा टाकायला आत गेली. योगिताने साडी हातात घेतली. काठावरून बोट फिरवलं. मिठाचे कण तिच्या मेंदीवर पडले. समुद्राजवळ राहणाऱ्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागत नाही.

"सुवालीला होतास, भाऊ?"

"साडी भिजली. मी म्हटलं वाळवून..."

"ओली आणायची ना." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी गाडीच्या खिडकीला बांधली असती. नंदुरबारपर्यंत वाळली असती."

गजेंद्र माझ्या गुंडाळीवर हात ठेवून उभा राहिला.

मग तिनेच त्याला सोडवलं. "बाबांना कळलं तर तुला घरात घेणार नाहीत. आईला सांग, सासूबाईंना बरं नव्हतं, म्हणून मीच राहिले."

आणि ती पिशवी उचलून आत गेली. ती पिशवी सोडत असतानाचा आवाज मला दारातून ऐकू आला. बांगड्या, डबा, कंगवा.

*

उधन्याला पोचलो तर घरात प्रमिलाबाई एकटीच. वडिलांना गावी जाणं भागच होतं, आखाजीला पितरांसाठी पाण्याची घागर पुजतात, ती आजोबांच्या नावाने पुजायची होती. प्रमिलाबाईने मात्र गाडी सोडली होती. लेक येईल, दोघी मिळून मागून जाऊ, म्हणून.

"योगी कुठे?"

गजेंद्रने बहिणीने दिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

"बरं नव्हतं?" प्रमिलाबाई म्हणाली. "बरोब्बर आखाजीच्या तोंडावर?"

तेवढंच. पण त्या वाक्याला पाय फुटले. दिवाळीपर्यंत ते 'बरं नसल्याचं सोंग केलं' असं झालं. संक्रांतीला 'माझी पोर कोंडून ठेवली' झालं. शेजारच्या मंगलाबाईला सांगताना 'त्या बाईच्या छातीत काळीज नाही' झालं. प्रत्येक वेळी गजेंद्र तिथेच कुठेतरी जेवत किंवा बूट घालत असायचा, आणि कधी घास न चावता गिळायचा, कधी नाडी न बांधताच निघायचा.

मला त्याने माळ्यावर फेकलं होतं. न धुता, न वाळवता. मीठ रबर खातं, मित्रांनो. माझ्या घड्यांवर तडे गेले. एकदा प्रमिलाबाईने पापड वाळवायला मला ओढलं, तर तो ओरडला, "तिला हात लावू नको!"

"अरे, बरसाती आहे का साप?"

तो बाहेर निघून गेला.

दुसऱ्या आखाजीला तो दोन दिवस आधीच मोऱ्याला जाऊन बसला. योगितानेच नंतर हसत सांगितलं, सासूबाई म्हणाल्या, "आता काय आमच्या दारात तंबू ठोकतोस?" सगळे हसले. प्रमिलाबाई हसली नाही. "तंबूच ठोकावा लागतो अशांच्या दारात," ती म्हणाली.

*

शेवटचं सांगते. योगिताला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसं उधन्याच्या खोलीत. मी माळ्यावरून सगळं पाहत होते.

पाळणा बांधला. बाया गाणी म्हणून गेल्या. मग घरच्यांची पंगत बसली. इंदुबाई पाटावर. प्रमिलाबाई वाढत होती, आणि तिचे हात इतरांच्या ताटापाशी थांबायचे तसे इंदुबाईच्या ताटापाशी थांबत नव्हते.

"पोळी बरी झालीय, विहीणबाई," इंदुबाई म्हणाली.

"बरी व्हायला काय झालं. आमच्याकडे आलेल्याला आम्ही जेवू घालतो. सणाच्या दिवशी पोर कोंडून ठेवत नाही."

"कोंडून?"

"पहिल्या आखाजीला. विसरलात? बरं नव्हतं म्हणे तुम्हाला."

इंदुबाईचा घास हातातच राहिला. तिने योगिताकडे पाहिलं. योगिता बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत राहिली, ते सारखंच असूनही. मग इंदुबाईने गजेंद्रकडे पाहिलं. बराच वेळ. तिला दोन सायकली आणि दोन पंक्चर आठवली असावीत.

"हो," ती शेवटी म्हणाली. "चुकलं माझं, बाई. पाठवायला हवी होती."

आणि ती जेवू लागली.

गजेंद्रच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो इंदुबाईच्या पेल्यात पाणी ओतायला वाकला आणि पेला भरला तरी वाकलेलाच राहिला.

"आई," तो म्हणाला. लूमवर उभं राहणारा तो माणूस, पण आवाज इतका बारीक की माळ्यावर मला जेमतेम पोचला. "त्यांना काही झालं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी शिरा करून ठेवला होता. मी रात्रभर समुद्रावर होतो. गाडी माझ्यामुळे चुकली."

"भाऊ, राहू दे," योगिता म्हणाली.

"नाही, योगी. माझ्यामुळे."

लोटू जेवायचे थांबले. प्रमिलाबाई हातात तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिने मुलाकडे पाहिलं नाही. ती इंदुबाईच्या समोर खाली बसली. तिच्या पोळीवर तुपाची धार धरली आणि ती थांबवायला विसरली. तूप पोळीवरून ताटात, ताटातून पाटावर आलं.

"पुरे, पुरे, विहीणबाई," इंदुबाई म्हणाली. "पोहायला लावता का मला?"

कुणी हसलं नाही. धारही थांबली नाही.

*

पहिली आखाजी काही परत आली नाही. ती कुणालाच परत आणता आली नसती.

मित्रांनो, अशा वेळी माझ्यासारख्या जुन्या वस्तूने म्हणायचं असतं, आम्हाला धुवा, वाळवा, नीट घडी घाला. ते मी मागत नाही. माझे दिवस झाले आणि माझे तडे आता बुजायचे नाहीत. एवढंच मागते : तुमच्या चुकीसाठी कुणी पुढे होऊन बोलणी खात असेल, तर त्याला फार दिवस तसं उभं ठेवू नका.

दुसऱ्याचा पाऊस अंगावर घेणं हे माझं काम आहे. मला त्यासाठीच बनवलं. ते माणसांना करायला लावू नका.